हातात निवळणारं तीर्थ

पौषातल्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला स्नेहनाथ महाराजांच्या मठाबाहेर चपलांचा ढीग कमरेइतका चढलेला असे. मठ म्हणजे नांदगाव पेठेच्या पुढे रस्त्याला लागून संत्र्याची बाग मोडून केलेली मोकळी जागा. वर पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या, समोर लाकडी स्टेज, आणि लाऊडस्पीकर असा की पलीकडच्या शिवारातली म्हैस दूध देताना दचकावी. अंगात हुडहुडी भरत होती, तरी हजारेक माणूस दाटीवाटीनं बसलं होतं. कुणी अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं आलं होतं, तर कुणी अचलपूरहून एसटी बदलत.

सेवेकरी प्लास्टिकचे क्रेट घेऊन रांगांमधून फिरत होते. त्यांत बोटभर उंचीच्या काचेच्या कुप्या होत्या, गळ्यापर्यंत भरलेल्या आणि रबरी बुचानं बंद केलेल्या. आतलं तीर्थ ताकासारखं पांढुरकं, गढूळ. हे क्रेट आदली रात्रभर मठामागच्या अंगणात उघडे ठेवत. तीर्थ चांदणं पितं, असं महाराज सांगत.

"देह म्हंजे काय, तर पानी," महाराजांनी सुरुवात केली. चाळिशीचा धडधाकट माणूस, भगवी शाल, दाढीला तेल. "पाप म्हंजे काय, तर गढूळपना. आन स्नेह म्हंजे काय? तेलालेबी स्नेह म्हनते, प्रेमालेबी स्नेह म्हनते. ज्याचं मन साफ, त्याच्या हाती पानी साफ. ज्याचं पानी साफ, त्यात स्नेह एकजीव. आता मले सांगा, जे तेल जलमात पान्यात मिसळत नाई, ते माह्या तीर्थात मिसळते. मंग तुमच्या नसाईतली चरबी काहून नाई विरघळनार?"

या बोलण्यात खोट काढणं अवघड होतं, कारण त्यात धरायला काहीच नव्हतं. लोक माना डोलवत होते.

"कुपी मुठीत धरा. डोये मिटा. हलवू नका. हलवली का शक्ती भंगते."

जप सुरू झाला. पाच-सात मिनिटं गेली. आणि मग खरोखरच एकेकाच्या मुठीतून आश्चर्य बाहेर पडू लागलं. मघाशी ताकासारखं दिसणारं तीर्थ विहिरीच्या पाण्यासारखं नितळ झालं होतं. ज्यांचं निवळलं ते रडत होते, हसत होते, शेजाऱ्याला कुपी दाखवत होते. ज्यांचं गढूळच राहिलं ते खाली मान घालून बसले होते. निवळलेल्यांतल्या काहींना महाराजांनी वर बोलावलं, बूच काढलं, चांदीच्या काडीनं सुगंधी तेलाचा बारीक थेंब आत सोडला आणि कुपी हलकेच एकदा कलती केली. थेंब दिसेनासा झाला. तवंग नाही, डाग नाही. मग गढूळ राहिलेल्या एका म्हाताऱ्याच्या कुपीत तसाच थेंब टाकला. तो वरच तरंगत राहिला. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

शेवटच्या रांगेत मंजुषा उभी होती. पस्तिशीची, नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात कामाला. कापड गिरण्यांना लागणारी धुण्याची रसायनं तिथे बनत, आणि त्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं होती. अमरावतीला सासरी राहत होती. काल तिच्या आईचा, मनकर्णाबाईंचा, फोन आला होता. "मंजू, माही कुपी निवळली व. उद्या ये, महाराज वर बोलावनार हायेत." आईच्या हृदयावर दोन वर्षांपूर्वी उपचार झाले होते, नसेत जाळी बसवली होती. मंजुषा धास्तावून आली होती, आणि थोडी चिडूनही.

महाराजांच्या थेंबाकडे ती बारकाईनं पाहत होती, तोच स्टेजवरच्या खुर्चीतून एक माणूस उठला. पांढरा सदरा, बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मंजुषानं त्यांना लगेच ओळखलं.

ते काळमेघ सर होते. महादेवराव काळमेघ. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजारात विकणाऱ्या घरातली मंजुषा रसायनशास्त्र शिकली ती या माणसामुळे. दहावीनंतर ते स्वतः सायकलवरून त्यांच्या मळ्यात आले होते, वाफ्यात उभं राहून तिच्या वडिलांना म्हणाले होते, "पोरीले सायन्सले टाका. जिम्मा माहा." वडील गेले, पण सरांचा तो शब्द त्या घरात देवाजवळ ठेवल्यासारखा राहिला.

सरांनी माईक घेतला. स्टेजवर ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तेल पाण्यात मिसळत नाही, हे तुमच्या मुलांना मीच शिकवलं. इथे ते माझ्या डोळ्यांदेखत मिसळतं. याचं उत्तर विज्ञानाकडे नाही."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून मनकर्णाबाईंनी मागे वळून लेकीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की जणू सर त्यांच्याच घरचे असावेत.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मंजुषा हसली असती. पण सर म्हणाले होते. तिनं क्षणभर, अगदी खरोखर, स्वतःच्याच शिक्षणावर संशय घेतला.

दुपारी मळ्यातल्या घरी आईनं कुपी पाण्याच्या माठाशेजारी कोनाड्यात ठेवली. भाऊ मनोज बाजारात गेला होता. जेवताना मनकर्णाबाईंनी सगळं सांगितलं. पहिले दोन गुरुवार कुपी निवळलीच नव्हती. महाराजांनी विचारलं, काय औषध घेता. त्यांनी गोळ्यांची नावं सांगितली. महाराज म्हणाले, औषधाचं विष तीर्थाले आडवं येऊन राहिलं. त्यांनी गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी घरी आणलेली कुपी मुठीत निवळली.

मंजुषानं हातातला घास ताटात ठेवला. "सगळ्या गोया?"

"सगळ्या. रक्त पातळ कराच्या बी, आन ते छातीची धडधड कमी कराची बी. आन पाह्य, हात कसे गरम झाले माहे. दोन सालापासून बरफासारखे होते."

हात खरंच गरम होते. मंजुषानं ते आपल्या हातांत धरले.

"माय, आज गोयी घे. माह्यासाठी घे."

"काहून? तुह्या सरानं सांगतलं ते खोटं का? तुले त्याईनंच शिकोलं. तू मोठी का सर मोठे?"

बोलता बोलता त्यांचं लक्ष कोनाड्याकडे गेलं आणि चेहरा उतरला. माठाच्या गारव्यात कुपी पुन्हा गढूळ झाली होती. असं झालं तर श्रद्धा उणावली समजायचं आणि पुढल्या गुरुवारी यायचं, असा मठाचा नियम होता. त्या घाईघाईनं उठू लागल्या. मंजुषानं आधी कुपी उचलली, बूच काढून थोडंसं तीर्थ वाटीत ओतलं, बूच लावून कुपी मुठीत धरली, आणि ती निवळली तशी जोरात हलवली.

कुपीच्या रिकाम्या जागेत पांढराशुभ्र, दाट फेस उभा राहिला. बारीक बुडबुड्यांचा, लवकर न बसणारा. असा फेस मंजुषा रोज पाहत होती.

"शक्ती भंगली ना," आई रडवेली होऊन म्हणाली.

"माय, हा साबन हाय."

"मंग सरायले कळत नाई का साबन? सर येऊन सांगतीन तर गोयी घेईन. नाई तर मले काई सांगू नको."

मनकर्णाबाईंचा हट्ट मंजुषाला ठाऊक होता. भांडून काही उपयोग नव्हता. सरांना कुणीतरी फसवलंय, आपण त्यांना दाखवू, ते लगेच आईकडे येतील, असं तिच्या मनानं घेतलं. कुपी घेऊन ती निघाली.

शुक्रवारी प्रयोगशाळेत तिनं कुपी थर्मामीटरसह पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि पाणी हळूहळू तापवत नेलं. सत्तावीस अंशांपर्यंत ताक. अठ्ठावीसला कडा पातळ झाल्या. एकोणतिसाला आरपार पलीकडचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. तिनं बर्फ घातला. थोड्या वेळानं पुन्हा ताक. हे तिला नवं नव्हतं. कारखान्यात साखरेपासून केलेला एक सौम्य साबण होता, मक्याची साखर आणि खोबऱ्याच्या तेलातला एक भाग जोडून केलेला. हिवाळ्यात त्याचे ड्रम गोठून पांढरे पडत आणि गिरणीला पाठवण्याआधी गरम पाण्यात ठेवून ते निवळवावे लागत. पण तो ड्रम अठ्ठावीस अंशांना निवळत नसे, त्याला त्याहून बरीच जास्त ऊब लागे. कुणीतरी त्यात दुसरा, लवकर निवळणारा प्रकार मापानं मिसळला होता. बरोबर इतका, की गरम मुठीत निवळावं आणि गार मुठीत निवळू नये.

आणि हे दोन्ही प्रकार तिनं एकाच माणसाला एकत्र दिले होते. आश्विनात सर कारखान्याच्या फाटकाशी आले होते. जुन्या शाळेत विज्ञान प्रदर्शन घेतोय म्हणाले. साहेबांना विचारून तिनं दोन-दोन लिटरचे दोन कॅन आनंदानं भरून दिले होते, वर स्वतःच्या हातानं नावं लिहून.

तरीही शनिवारी सरांच्या घराची कडी वाजवताना तिला वाटत होतं, काहीतरी वेगळं निघेल.

सर एकटेच होते. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. टेबलावर तिच्या अक्षरातली नावं असलेले दोन्ही कॅन होते. शेजारी वही. सरांचं तेच टपोरं, सरळ अक्षर, ज्यानं तिच्या उत्तरपत्रिकांवर "छान" लिहिलेलं असे. वहीत दोन रकाने होते, कोणत्या प्रकाराचे किती थेंब, आणि पुढे अंश. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. अठ्ठावीसभोवती गोल.

मंजुषानं वही मिटली.

"प्रदर्शन खरंच घेतलं होतं मी," सर म्हणाले. घरात ते वऱ्हाडीच बोलत. "अकरा पोरं आले. त्यातले चार मोबाईल पाहून राहिले होते. मी कुपी हातात देल्ली, निवळून दाखोली, सगळं समजावून सांगतलं. कोनी टायी वाजवली नाई. एकटा गोवर्धन पाह्यत राह्यला."

"कोन गोवर्धन?"

"तोच. महाराज. धामनगावचा हाय, मंडप-लाऊडस्पीकरवाला. तो मले म्हने, सर, हे समजावून सांगू नका. नुसतं दाखवा."

मंजुषानं कॅनवरचं आपलं अक्षर पाहिलं.

"रिटायर झाल्यावर शाळेत गेल्तो एकदा," सर खिडकीकडे पाहत बोलत होते. "चपराशी इचारते, कोन पायजे तुमाले. चौतीस वर्षं खरं सांगतलं मंजुषा. आता हजार लोक बसते समोर. एक वाक्य बोलतो, तर पाया पडते."

"माह्या मायनं गोया बंद केल्या, सर."

सरांचा चेहरा क्षणभर हलला. "गोया बंद करा म्हनून मी कोनाले सांगतलं नाई."

"तुमी सांगतलं नाई. तुमी बाजूले बसले होते."

सरांनी वही आपल्याकडे ओढली.

"चला," मंजुषा म्हणाली. "आत्ता चला. माय दुसऱ्या कोनाचं ऐकत नाई. तुमी तिले एवढंच म्हना, बाई, गोयी घ्या. बाकी मले काई नाई पायजे. मी कोनाले सांगत बी नाई."

तिच्यासारख्या सरळ बाईनं इतकं देऊ केलं, यावरून ती किती घाबरली होती ते समजावं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मी सांगतलं का संध्याकायपर्यंत गावभर होईन. गुरुवारपर्यंत थांब. मी हयूहयू अंग काढून घेतो."

"सर, तिच्या छातीत जाळी हाय."

"गुरुवारी सांगतो म्हनलं ना," सर म्हणाले, आणि उठून त्यांनी दाराकडे पाहिलं. वर्गात तास संपला की पाहत तसंच.

मंजुषा बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, तरी तिला थंडी वाजत होती. महाराजानं तिला काही फसवलं नव्हतं. त्याला ती ओळखतही नव्हती. ज्या माणसानं तिला ताडून पाहायला शिकवलं, त्यानंच तिच्याच हातचं रसायन घेऊन तिच्याच आईला फसवलं होतं, आणि आईनं फसावं म्हणून तिचीच साक्ष वापरली गेली होती. पाहा, सरांची विद्यार्थिनी, एवढी शिकली, तिचे सर सांगतात.

ती थेट आईकडे गेली. कुपी गरम-थंड करून दाखवली, सरांच्या घरचं सगळं सांगितलं, मनोजनंही समजावलं. मनकर्णाबाई ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर असं करनार नाईत." गोळी घेतली नाही.

रविवारी सकाळी सांबाराच्या जुड्या बांधता बांधता त्या कलंडल्या. मनोजनं भाजीच्या गाडीतच घालून अमरावतीला नेलं. जाळीत गुठळी अडकली होती. डॉक्टर गीतांजली यांनी तीन तासांनी बाहेर येऊन सांगितलं की जीव वाचला आहे, पण हृदयाचा बराच भाग आता पूर्वीसारखा काम करणार नाही. वाफ्यात वाकणं, पाण्याची घागर उचलणं, हे संपलं.

"त्यांनी औषधं अचानक बंद केली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

मंजुषानं होकारार्थी मान हलवली आणि कुपीची हकिगत सांगितली. हात बर्फासारखे होते, गोळ्या सोडल्यावर गरम झाले, हेही सांगितलं.

"धडधड आवरणाऱ्या गोळीनं काही लोकांचे हात-पाय गार पडतात," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी थांबवली की ऊब येते. पण ती अशी एकदम थांबवायची नसते. त्यात रक्त पातळ ठेवणारीही बंद. जाळी असलेल्या माणसाला ते फार महागात पडतं."

मंजुषा भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणजे गोळी घेणाऱ्याचे हात गार, म्हणून कुपी गढूळ. गोळी सोडली की हात गरम, म्हणून कुपी नितळ. आईनं आंधळेपणानं विश्वास ठेवला नव्हता. तिनं पारखून पाहिलं होतं, आणि पारखण्याचं मापच कुणीतरी खोटं करून ठेवलं होतं. जो जितका आजारी, तो तितका पापी ठरत होता, आणि त्याला सुटकेचा एकच मार्ग दाखवला जात होता.

तिनं हिशेब केला. पाण्यात थोडं-थोडं मिसळून त्या दोन कॅनांतून अशा तेरा हजार कुप्या भरता येतात.

गुरुवारी ती आणि मनोज मठात गेले. मंजुषानं रांगेत बसून कुपी घेतली. त्याआधी तिनं हात पाण्याच्या टाकीत बराच वेळ बुडवून ठेवले होते. जप संपला तेव्हा तिची कुपी गढूळच होती. ती उभी राहिली.

"महाराज, माही निवळली नाई."

"कोनती दवाई घेता, ताई?"

"कोनतीच नाई. तुमच्या सेवेकऱ्याचा चहा द्या एक कप."

कुणाला काही कळायच्या आत मनोजनं मठाबाहेरच्या टपरीवरून आणलेला वाफाळता चहा पुढे केला. मंजुषानं कुपी कपात बुडवली, थोडं थांबली, बाहेर काढून पदरानं पुसली आणि उंच धरली. आरपार नितळ.

"या चहाचं मन साफ हाय," ती म्हणाली. "यानं जप बी केला नाई."

मागून कुणीतरी हसलं. दोन सेवेकरी तिच्याकडे निघाले. वाटेत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "थांबा रे, बोलू द्या तिले," आणि तिनं पाय पसरले, त्यामुळे त्यांना थांबावंच लागलं.

"तीर्थाचा अपमान होऊन राह्यला," महाराजांचा आवाज चढला. मग ते सावरले. "आमी अडानी मानसं. सर, तुमीच सांगा लोकाइले."

सर खुर्चीतून उठले. मंजुषानं त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, माही माय रविवारपासून दवाखान्यात हाय. जाळीत गुठळी झाली. अर्धं हृदय गेलं. तुमी गुरुवारी सांगतो म्हनले होते. आज गुरुवार हाय. कुपीत काय हाय, सांगा."

सरांनी माईक हातात घेतला. त्यांनी पुढ्यातल्या हजार चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मंजुषाला अजूनही, त्या क्षणीही, वाटत होतं की ते खरं बोलतील.

"याचं उत्तर," सर म्हणाले, "विज्ञानाकडे नाही."

मंजुषाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. ती लोकांकडे वळली.

"सर मोठे हायेत. मी त्याईची विद्यार्थिनी हाय. आता तुमी कोनाचं ऐकसान? माहं म्हननं हाय, दोघाइचंबी ऐकू नका. टपरीवर चहा हाय, बाहेर माठ हाय. ज्याची कुपी गढूळ, त्यानं चहात ठेवावी. ज्याची निवळली, त्यानं माठात ठेवावी. मंग बोलू."

आधी ती म्हातारी उठली. मग मागच्या गुरुवारी कपाळावर हात मारून घेणारा म्हातारा उठला. टपरीवाल्यानं चहाचं अख्खं पातेलंच बाहेर मांडलं. गढूळ कुप्या नितळ होऊन निघू लागल्या, नितळ कुप्या माठातून ताकासारख्या. एका बाईनं दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा केलं, आणि मग खाली बसून रडू लागली. तिनं नवऱ्याची साखरेची गोळी बंद केली होती.

तिथेच, टपरीपाशी, मंजुषानं सांगितलं. तिनं ते प्रयोगशाळेतल्या भाषेत सांगितलं नाही.

"हा साखरेचा साबन हाय. याच्या एकेका कनाले डोकं हाय साखरेचं, त्याले पानी आवडते. शेपूट हाय तेलाचं, त्याले पानी आवडत नाई. थंडीत हे कन पान्यात विरघळतच नाई, गोठून बसते, म्हनून पानी पांढरं दिसते. ऊब भेटली का विरघळते, पानी साफ होते. आन एकदा पुरेसे विरघळले का शेकड्यानं एकत्र येते आन गोळा करते. शेपट्या सगळ्या आत, डोके सगळे बाहेर. आत तेलाले बसाले जागा होते. तो थेंब जात नाई कुठं, त्या गोळ्याइत लपते. गोळे इतके बारीक का डोयाले दिसत नाई, म्हनून पानी नितळ दिसते. थंड कुपीत गोळेच होत नाई, म्हून तेल वर तरंगते. बस, एवढंच."

"मंग नसेतली चरबी?" कुणीतरी विचारलं.

"हा तर घरचं शेंगदान्याचं तेलबी धड विरघळवत नाई. म्हून महाराज हलकं अत्तराचं तेल वापरते. नसेतलं काय विरघळवनार. आन महाराज उन्हायात हिमालयात जानार म्हनते ना, ते काहून? आपल्या वऱ्हाडात वैशाखात एक बी कुपी गढूळ राहनार नाई. सगळेच पुण्यवान होऊन बसतीन."

लोक हसले, पण ते हसणं कडू होतं. पुष्कळ जण हसले नाहीत. स्टेजवर वळून पाहिलं तर महाराजांची गादी रिकामी होती. सर तिथेच खुर्चीत बसून होते. त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही.

गोवर्धनला दुसऱ्या दिवशी धामणगावात पकडलं. मंजुषानं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली. त्यात तिनं काळमेघ सरांचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि त्याखाली हेही लिहिलं की साबणाचे कॅन मी दिले होते. कारखान्यातही तिनं स्वतः जाऊन सांगितलं. साहेबांनी लेखी समज दिली. ती तिनं सही करून घेतली. सरांचं नाव लिहिताना मात्र पेन दोनदा थांबलं होतं.

मनकर्णाबाई दहाव्या दिवशी घरी आल्या. बाजेवर उशांना टेकून बसत, जास्त बोललं की धाप लागे. मठातली हकिगत मनोजनं सांगितली होती. त्या दुपारी मंजुषा गोळ्या आणि पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी एकदम विचारलं.

"सर खोटं बोलले का व?"

"हो."

"तुह्यासमोर?"

"हो, माय. माह्यासमोर."

मनकर्णाबाईंनी वाफ्यांकडे पाहिलं. सांबार काढायला आलं होतं, आणि ते आता मनोजला एकट्यालाच काढायचं होतं.

"मी शेजारच्या सीमाच्या सासूले बी नेलं होतं मठात," त्या म्हणाल्या. "सरायचं नाव सांगून नेलं. आता सरायवर बी भरोसा नाई, तर मानसानं इचाराव कोनाले?"

मंजुषा बाजेच्या कडेला बसली. तीही गेले पंधरा दिवस स्वतःला हेच विचारत होती.

"सगळ्याइले इचाराव," ती सावकाश म्हणाली. "मले बी, डॉक्टरले बी, सरायले बी. पन जो मानूस म्हनते का हलवू नका, उघडू नका, दुसऱ्याले दाखवू नका, त्याचं ऐकू नये. मंग तो कितीबी मोठा असो. माहा गुरू असो, नाई तर मी असो. ज्याचं खरं हाय, तो म्हनते, घे, हलवून पाह्य."

मनकर्णाबाईंनी तिच्या तळहातावरच्या गोळ्यांकडे पाहिलं.

"मंग हे कोनती कशाची, ते सांग आदी," त्या म्हणाल्या. "एकेक सांग. मी इचारून घेईन, मंग घेईन."

मंजुषानं पहिली गोळी उचलली आणि सांगायला सुरुवात केली.